सात-दहाच्या गाडीतली चौकशी

माझी नजर चांगली आहे, असं लहानपणी कुणीतरी म्हणालं आणि मी ते खरं धरून बसले. तांदळातला खडा, अंगणात पडलेली सुई, लग्नाच्या मांडवात कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं घरात आधी मला दिसायचं. नोकरीही तशीच मिळाली. नंदुरबारला एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक टेबलावर बसते. कागद आला, नोंद केली. कागद गेला, नोंद केली. राहायला शहाद्याला. सकाळी सात-दहाची एसटी, संध्याकाळी परत, अशी एकोणीस वर्षं झाली.

बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्या गाडीत बायाच बाया. तासाभराच्या प्रवासात डोळ्यांना दुसरं काम काय? मी माणसं बघत बसते. कोण रडून आलंय, कुणाचं सासूशी वाजलंय, कुणाच्या डब्यात आज भाजीऐवजी नुसतं लोणचं आहे, हे मला न विचारता कळायचं. एकदा ऑफिसातल्या एकीने टोकलं, "बाई, लोकांकडे असं टक लावून बघू नये." मी म्हटलं, "मग काय डोळे मिटून प्रवास करू? बघायला काही वेगळं तिकीट लागतं का?" सगळे हसले. मला ते उत्तर फार आवडलं होतं. पुढे बरेच दिवस मी ते कुणाकुणाला सांगत असे.

अक्काचा फोन आला तो डिसेंबरात. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. तापीकाठच्या गावात तिची केळी आहेत, ऊस आहे आणि एक मुलगा आहे, पुण्याला नोकरीत. त्याच्यासाठी एक स्थळ आलं होतं. शहादा आणि प्रकाशा यांच्या मधल्या एका गावातली मुलगी, नंदुरबारला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला.

"ऐक माय," अक्का म्हणाली, "तू रोज त्याच गाडीवर जास ना? ती पोरबी त्याच गाडीवर जास. जरा देख ना कशी शे. पन कोनले समजू देऊ नको."

बाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे सोयरीक जुळवायची तर आधी चौकशी होते. पोहे-चहाचं बघणं हा नंतरचा समारंभ. खरं बघणं त्याच्या आधी, मुलीला पत्ता नसताना. कुणी तिच्या कॉलेजच्या रस्त्यावर उभं राहतं, कुणी तिच्या गल्लीतल्या दुकानात साबण घ्यायच्या निमित्ताने बसतं. माझीसुद्धा अशीच चौकशी झाली होती. नळावर भांडणारी पोरगी म्हणून माझं एक स्थळ गेलं, आणि ते ऐकून आम्ही बहिणी पोट धरून हसलो होतो. या कामाचा एकच नियम. नाव विचारायचं नाही, कुणाला काही पुसायचं नाही. नाव घेतलं की बातमी फुटली.

अक्काने बायोडाटा पाठवला. त्यावर स्टुडिओतला फोटो, जरीची साडी, कोरलेल्या भुवया, चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा. मी एकदाच बघितला. "फोटोवर जाऊ नको," अक्काच म्हणाली, "फोटोमा तं आख्ख्याच पोरी गोऱ्या ऱ्हातस. तिन्हा खांदावर निळी सॅक ऱ्हास, ती देख."

मला हे काम मिळाल्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही. एकोणीस वर्षं फुकट बघत होते, आता कुणीतरी मुद्दाम बघायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबली. आमच्याकडच्या कॉलेजच्या पोरी धुळीसाठी आणि उन्हासाठी घरातून निघतानाच तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. तशा दोघी चढल्या. पहिली गुलाबी स्कार्फची. तिच्या खांद्याला निळी सॅक, नवी, चकचकीत. ती पुढे गेली आणि डावीकडच्या तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसली. माझी पोरगी मला सापडली. सकाळचे साडेसातही झाले नव्हते.

दुसरी माझ्या शेजारी येऊन बसली. ती गेले पाच-सहा महिने माझ्या शेजारीच बसायची. मीच तिच्यासाठी सीटवर रुमाल टाकून ठेवत असे. त्यात माया कमी आणि सोय जास्त, कारण ती बारीक होती, जागा कमी घ्यायची आणि खिडकी मला सोडायची. बसली की स्कार्फ गळ्यात सोडायची, सॅक सीटखाली पायांशी सरकवायची आणि वही काढून ओठातल्या ओठात पाठ करायची. आमचं बोलणं जुजबी. एकदा मी पर्समधून पित्ताची गोळी काढली तर म्हणाली, "काकू, ही जेवणाच्या आधी घ्यायची असते. आत्ता घरून खाऊन आलात ना?" मी गोळी परत ठेवली आणि मान डोलावली. मनात म्हटलं, हुशार दिसते.

त्यापलीकडे मी काही म्हटलं नाही. माझं सगळं लक्ष तिसऱ्या सीटवर होतं.

आठ दिवस मी बघितलं. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर रोजची नोंद केली, आमच्या रजिस्टरसारखीच. पहिला दिवस: कुणाशी बोलत नाही, फोनही नाही. दुसरा दिवस: म्हातारीला जागा दिली. हे वाचून अक्काला बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी प्रकाशाचा पूल ओलांडला, पुढचा फाटा आला आणि गुलाबी स्कार्फवाली उठली. कॉलेज नंदुरबारला आणि ही इथे उतरते! फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली एक मोटरसायकल उभी होती. चालवणाऱ्याच्या डोक्यात हेल्मेट. ही मागे बसली, दोन्हीकडे पाय टाकून, आणि सॅक काढून दोघांच्या मध्ये ठेवली. गाडी उसाच्या शेतांमधल्या रस्त्याने गेली.

माझी छाती धडधडत होती. खोटं कशाला बोलू, त्यात भीती नव्हती, मजा होती. जाळ्यात मासा आल्यावर कोळ्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी मी फोन तयार ठेवला. शेजारची मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. मी खिडकीची काच सरकवली, रस्त्याकडेच्या उसाचा फोटो काढतेय असं दाखवलं आणि मोटरसायकलवर बसतानाचा एक फोटो काढला. पाठमोरी नाही, अर्धी वळलेली. गुलाबी स्कार्फ, निळी सॅक, हेल्मेट. तोंड दिसत नव्हतं. तोंड दिसत नाही म्हणूनच मला काही वाटलं नाही. झाकलेलंच तर आहे, माझ्या फोटोने तिचं काय उघडं पडणार, असा माझा हिशेब.

नंदुरबार जवळ येईपर्यंत फोटो अक्काला गेला होता. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांचा ठसका गाडीत शिरला, सगळ्या बायकांनी नाकाला पदर लावले आणि शेजारच्या मुलीने मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी ते प्याले.

दुपारी अक्काचा फोन आला. मी म्हटलं, "कोनलेच दखाडू नका बरं, अक्का. आपलं आपल्यामा ठेवा."

"मी कोनले दखाडसू वं?" अक्का म्हणाली.

चार दिवसांनी कळलं, अक्काने स्थळ नाकारलं. मध्यस्थाने कारण विचारलं तेव्हा तिने फोटो दाखवला. दाखवला म्हणजे पाठवला. मध्यस्थाने तो मुलीच्या बापाला पाठवला. अक्काला मी बोलले, पण तिचं उत्तर सरळ होतं: नकार दिला तर लोक मुलात खोट काढतात, मग कारण नको का द्यायला? तेही खरंच. मी स्वतःला समजावलं की बापाला वेळेवर कळलं हे बरंच झालं. परक्याच्या मुलीचं भलं झालं अशी मखलाशी मी दोन दिवस करत होते.

त्याच दिवसांत शेजारची मुलगी यायची थांबली.

एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी रुमाल टाकत होते, फाट्यावर गुलाबी स्कार्फवाली एकटीच चढत होती. तीसुद्धा बदलली होती. आता ती पुलापलीकडच्या फाट्यावर उतरत नव्हती. तो फाटा आला की समोरच्या सीटचा लोखंडी दांडा घट्ट धरायची आणि नंदुरबारपर्यंत जायची. मला वाटलं, बापाने दम दिला असणार. मला शंका कशी आली नाही? बापाने दम दिलेली मुलगी एकटी, त्याच गाडीने, रोज कशी येईल? पण मी ठरवलेलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर मला फक्त ठरवलेलंच दिसतं.

पाचव्या दिवशी शेजारची आली. बसली, आणि नेहमीसारखा स्कार्फ खाली सोडला. डोळे सुजलेले होते. सॅक सीटखाली न सरकवता मांडीवर घेतली. ती निळी होती.

अगदी तीच. वरच्या खिशावर पांढऱ्या अक्षरांत त्यांच्या गावच्या दूध सोसायटीचं नाव.  मी म्हटलं, "ही सॅक..."

"सोसायटीने दिली काकू, बारावी झालेल्या सगळ्या मुलींना. गावात पंधरावीस जणींकडे आहे." मग तिचा आवाज बदलला आणि ती घरच्या बोलीत बोलायला लागली. "काकू, मी आज जर्नल लेवाले जाई ऱ्हायनी. सकायपासून मन्हं कॉलेज बंद."

सकाय म्हणजे उद्या. विचारायची गरजच नव्हती, तरी ती सांगत गेली. कुणीतरी फोटो काढला आहे. मोटरसायकलवर बसलेल्या मुलीचा. तोंड झाकलेलं, निळी सॅक. एक स्थळ आलेलं होतं, ते मोडलं. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तीन दिवस तिच्याशी बोलणं सोडलं, मग म्हणाले, परीक्षा नाही आणि काही नाही, घरात बस. परीक्षेला दोन महिने राहिले होते.

"मी म्हणनू, तो फोटो मन्हा नही शे. आप्पा म्हणतस, तोंड झाकेल शे, मग तू कशावरून नही?" तिने नाक पुसलं. "मग इचारतस, तू नही तं कोन शे ती? माले म्हाईत शे कोन शे. पन मी कसं सांगू? तिन्हं घर मन्हा घरना समोर शे. तिले तं जित्ती ठेवाव नहीत."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं असेन. कोरलेल्या भुवया आता वाढल्या होत्या, पीठ नव्हतं, पण तीच. बायोडाटातली मुलगी. उघडं तोंड घेऊन ती माझ्या शेजारी आठ दिवस बसली होती, आणि मी तिच्या डोक्यावरून दुसरीकडे बघत होते.

"काकू," ती म्हणाली, "मी तं रोज तुमना बाजूले बसस. नंदुरबारलगून. तुम्ही देखतस ना. तुम्हीच ईसन सांगा ना आप्पासले."

तिसऱ्या सीटवरची गुलाबी स्कार्फवाली मागे वळली. एकदाच. तिने ऐकलं असणार, अंतर फार नव्हतं. त्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते डोळे फक्त माझ्या हातातल्या फोनवर होते. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत असणार. आपल्याकडे कुणी बघतंय हे बाईला पाठीमागूनही कळतं. मलाही कळतं, मग तिला का कळू नये?

"येते," मी म्हटलं. "आज संध्याकाळीच येते."

त्या दिवशी ऑफिसात मी तीन कागदांची नोंद चुकीच्या रकान्यात केली. डोक्यात एकच गणित. मी जाऊन खरं सांगितलं, की फोटो मी काढला आणि फोटोतली मुलगी तुमची नाही, तर बाप पुढचा प्रश्न विचारणार. आणि तो प्रश्न विचारलाच नाही तरी उत्तर समोरच होतं. त्या गावातून त्या गाडीने दोनच मुली जात होत्या. एक वजा केली की दुसरी उरते. शेजारची पोरगी हे जाणून गप्प बसली होती आणि गप्प बसण्यासाठी परीक्षा सोडायला निघाली होती. बावीस वर्षांची पोर. आणि मला एक फोटो नंदुरबारपर्यंतसुद्धा स्वतःपाशी ठेवता आला नव्हता.

संध्याकाळी त्यांच्या फाट्यावर उतरले.  घर चांगलं, ओट्यावर फरशी, दारात ट्रॅक्टर. समोरच्या घराचं दार उघडं होतं, आत टीव्ही चालू होता. त्या दाराकडे मी मुद्दाम बघितलं नाही, तरी दिसलंच.

बाप पन्नाशीचा, बारीक, पांढरी टोपी. आई दाराशी बसली. पोरगी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. मला पाणी दिलं, कोण कुठली ते विचारलं.

"ही पोर तुमना बाजूले बसस म्हणे," बाप म्हणाला.

"हो. रोज. नंदुरबारपर्यंत. कधीच मध्ये उतरली नाही."

त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. माझाच फोटो. वर बारीक अक्षरांत फॉरवर्डेड लिहिलेलं. मी घेतला तेव्हा तो एवढा स्पष्ट वाटला नव्हता. बोटाने मोठा केला तर सॅकवर पांढरं काहीतरी लिहिलंय एवढं कळत होतं, अक्षरं मात्र वाचता येत नव्हती.

"मंग ही कोन शे, ताई?" त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "आमना गावन्या दोनच पोरी जातस त्या गाडीवर. ही नही, तं मंग..." आणि त्याने मान वळवून समोरच्या उघड्या दाराकडे बघितलं.

चौकटीशी पोरगी सरळ उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली. टीव्हीवर कसलीशी जाहिरात चालू होती. मला वाटलं, आता बोलले नाही तर बाप स्वतःच बोलेल, आणि एकदा त्याच्या तोंडून ते नाव गेलं की परत येणार नाही.

"तो फोटो या रस्त्याचा नाहीच," मी म्हटलं. "अक्कलकुव्याच्या रस्त्याचा आहे. महिन्यापूर्वी ऑफिसच्या कामाला गेले होते, तेव्हाचा. कोण पोरगी होती देव जाणे. फोटो मी काढला आणि मीच पाठवला."

बापाने फोन खाली घेतला.

"मुलाची आई माझी नणंद. तिने मला तुमच्या मुलीची चौकशी करायला सांगितलं. मला माझ्या बहिणीची मुलगी त्या घरात द्यायची होती. म्हणून मी तो फोटो तुमच्या मुलीचा म्हणून पाठवला. निळी सॅक दिसली, तेवढं पुरलं."

हे बोलताना मला एक गोष्ट कळली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. हे खोटं त्यांना एका दमात पटलं. बाई अशी असू शकते, यावर कुणालाच शंका नव्हती.

आई उठली. मला वाटलं अंगावर येते. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमले आंडेर नही का?"

मला लेक नाही, एक मुलगा आहे. मी तेवढंच सांगितलं, जणू तिने तेवढंच विचारलं होतं.

बाप म्हणाला, "लावा फोन तुमनी नणंदले. आते. मन्हा समोर."

मी लावला. स्पीकरवर ठेवला. अक्काला तेच सगळं पुन्हा सांगितलं, अक्कलकुवा, भाची, सगळं.  मग, "काय बोली ऱ्हायनी तू? याड लागनं का तुले?" मी म्हटलं, नाही अक्का, खरं आहे. ती रडायलाच लागली. भावाच्या घरातली बाई असं करेल असं तिला वाटलं नव्हतं. रडता रडताच म्हणाली, "मन्हा दारमा पाय ठेवू नको आते." आणि फोन ठेवला.

बापाने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग मुलीकडे न बघता म्हणाला, "सकायले जाय तू कॉलेजले." माझ्याकडेही न बघता म्हणाला, "शेवटनी गाडी निघी जाई. तुम्ही निघा."

फाट्यावर उभी असताना मला वाटलं होतं, पोरगी मागून येईल. काहीतरी म्हणेल. तिला माहीत होतं मी कुणाला वाचवलं ते. कुणी आलं नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. आधी मी तिचं घर पेटवलं होतं, आता पाण्याची एक बादली नेली म्हणून आभाराची वाट बघत होते.

घरी पोचले तोवर बहिणीपर्यंत बातमी गेली होती. अक्काने तिला फोन केला होता. बहिणीने मला हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "तुन्ही चूक झाकाले मन्ही पोर सापडनी का तुले? तिले इचारं होतं का?"

तिला विचारलं नव्हतं. भाची धुळ्याला शिकते, तिला या सगळ्याचा गंधही नव्हता, आणि आता दोन तालुक्यांत तिचं नाव एका मोडलेल्या स्थळाला चिकटलं होतं. दोन मुलींना सोडवायला मी तिसरी पुढे केली. तेव्हा, त्या ओट्यावर, मला ते दिसलंही नाही. नजर चांगली असूनही.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्काच्या मुलाचं लग्न झालं, आम्हाला पत्रिका आली नाही. बहीण आता बोलते, पण मुलींच्या सोयरिकीचा विषय निघाला की माझ्यासमोर गप्प होते. त्या जुन्या डायरीची मागची पानं मी फाडून चुलीत घातली. फोटो फोनमधून काढला. त्याचा उपयोग नाही हे मला कळतं. तो किती फोनांत आहे हे ना मला माहीत आहे, ना अक्काला.

पण मला अजून आठवते ती त्या संध्याकाळनंतरची सकाळ. मी नेहमीच्या सीटवर बसले, शेजारी रुमाल टाकला. फाट्यावर दोघी चढल्या. गुलाबी स्कार्फवाली पुढे तिसऱ्या सीटवर गेली. शेजारची माझ्यापाशी आली. मी रुमाल उचलला आणि खिडकीकडची जागा तिच्यासाठी सोडून उठायला लागले. तेवढं तरी द्यावं म्हणून.

"ऱ्हाऊ द्या काकू," ती म्हणाली. "मी उभीच ऱ्हास."

गाडीत मागे जागा नव्हती. ती माझ्या सीटजवळच दांड्याला धरून उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. गळ्यात सैल असलेला स्कार्फ तिने वर ओढला, नाकावरून, कपाळावरून, आणि मागे घट्ट गाठ मारली. माझ्याशेजारी ती तो नेहमी सोडायची.

प्रकाशाचा पूल आला. खाली तापी दिसली असणार, मी बघितली नाही. पुढे लिंबाच्या झाडाचा फाटा येणार हे मला खड्ड्यांवरून कळत होतं. मी डोळे मिटून घेतले. घंटी वाजली, गाडी थांबली, दार उघडल्याचा आवाज आला, कुणाची तरी पावलं, मग दार लागलं आणि गाडी निघाली. कोण उतरलं, मला माहीत नाही.